कानसेनाची पाणसळ

तानसेन व्हायला गळा लागतो, तपश्चर्या लागते. म्हणून बाकीच्यांसाठी आपल्याकडे कानसेन होण्याची सोय ठेवलेली आहे. एके काळी ती स्वस्त होती. दोन कान, अर्धी सतरंजी आणि सवाईत पुढच्याच्या डोक्यावरून दिसेल एवढा गवई, की भागायचं. कोथरूडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे कानसेन मात्र रविवारी दुपारी तीन वाजता, पाहुणे दारात चपला काढत असताना, दिवाणखान्यात पालथे पडलेले होते. एक डोळा मिटलेला; दुसरा गवंड्याकडून मागून आणलेल्या पाणसळीच्या बुडबुड्याला चिकटलेला.

"या, बसा," ते फरशीला उद्देशून म्हणाले. "फक्त धपकन बसू नका."

निमंत्रण साधं होतं. किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची जुनी एलपी टर्नटेबलाच्या नव्याने बसवलेल्या आर्मवर ऐकायची आणि मग आईंच्या हातचं आम्रखंड खायचं. आईंनी आदल्या रात्रीच चक्का टांगला होता. पाहुणेही मोजके: शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर, गाण्याचे क्लास बंद करून घरी बसलेले मास्तर आणि कॉलेजात जाणारी पुतणी.

मास्तरांनी रेकॉर्डचं कव्हर लांब धरून वाचलं. "दुपारी तीनला भूप? अहो, हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग."

"काळजी करू नका, मास्तर. सुई टेकेपर्यंत दिवेलागण होईल."

सगळे हसले. कानसेन हसले नव्हते.

त्यांचीही बाजू आहे. एलपीच्या एका बाजूवर एकच लांबलचक खाच असते, वळसे घेत मध्याकडे जाणारी. उलगडून सरळ केली तर ती अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरेल. रुंदीला माणसाच्या केसाएवढी. गाण्यातले हळुवार स्वर त्या खाचेच्या भिंतींवर इतक्या बारीक नागमोडीने कोरलेले असतात की काही वळणं एका मायक्रॉनलाही पोचत नाहीत. सुईचं काम ही वळणं टिपण्याचं, आणि बिचारीला स्वर कुठला आणि हादरा कुठला यातलं काही कळत नाही. खालून बस गेली, ती वाजवणार. वरच्या मजल्यावर कुणी खलबत्ता घेतला, तोही वाजवणार. म्हणून टर्नटेबलाखाली संगमरवराची लादी, लादीखाली रबराचे गोळे, त्याखाली वाळूने भरलेली पेटी आणि पेटीखाली पालथे पडलेले कानसेन.

बुडबुडा मध्यावर आल्यावर वजनाची पाळी आली. सुईने रेकॉर्डवर किती भार द्यायचा हे सुईच्या घराच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, कागदावर लिहिलेलं असतं; इथे तो १.८ ग्रॅम होता. त्यासाठी सोनाराच्या दुकानात शोभेल असा छोटा काटा होता. काट्याने १.८३ दाखवले. मागचं वजन केसभर फिरवल्यावर १.७८. मग १.८१. मग काहीच न फिरवता १.८४.

"पंखा," कानसेन गंभीरपणे म्हणाले.

वैशाखातल्या दुपारी पंखा बंद झाला. मॅनेजरसाहेबांनी कव्हरने वारा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तेही त्यांच्या हातातून काढून घेण्यात आलं.

"आमच्या फिएस्टाला नव्हतं बाई असलं काही," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाल्या. एचएमव्हीचा फिएस्टा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बऱ्याच मराठी घरांना आठवत असेल: बॅगेसारखी पेटी आणि झाकणातच स्पीकर. "गाणं अडकायला लागलं की आर्मवर एक नाणं ठेवायचं. फारच अडकलं तर मोठं नाणं."

कानसेनांनी डोळे मिटून घेतले. स्वतःच्या बालपणी त्या घरात रेकॉर्डींवर काय काय अत्याचार झाले हे त्यांना ठाऊक आहे. मोठ्या मनाने त्यांनी तो विषय कधी पोलिसांपर्यंत नेला नाही.

यानंतर भूमिती. कारखान्यात मूळ तबकडी कोरणारं हत्यार कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. घरातला आर्म मात्र एका टोकाला खिळलेला, बिजागरीवरच्या दारासारखा कमानीत फिरणारा. म्हणजे ज्या कोनात गाणं कोरलं त्या कोनात ते वाचलं जाणं जवळजवळ अशक्य. या दुखण्यावर स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी १९३८मध्ये गणित मांडलं, १९४१मध्ये बेअरवाल्ड यांनी. आर्म जरा वाकडा करून, सुई मध्याच्या खुंटीपलीकडे थोडी पुढे काढून चूक कमीत कमी करता येते. पण शून्य होते ती दोनच ठिकाणी. सर्वांत रूढ मापाप्रमाणे मध्यापासून ६६ मिलिमीटरवर आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर.

"म्हणजे बाकीचा सगळा वेळ चूकच?" पुतणीने विचारलं.

"फार नाही गं. जेमतेम दोन अंशांपर्यंत. पण ऐकू येतं."

"कुणाला?"

या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. पण कानसेन रेकॉर्ड ऐकताना मध्येच ताठ का होतात याचा उलगडा झाला. बावीस मिनिटांत हा कपिलाषष्ठीचा योग दोनदा येतो, आणि तो चुकू नये म्हणून बाकीची वीस मिनिटं ते आर्मकडे बघत असतात.

आता एवढा शास्त्रशुद्ध मामला म्हटल्यावर जगभरातल्या टर्नटेबलवाल्यांचं निदान मूळ गोष्टींवर तरी एकमत असेल, असं वाटणाऱ्याने किराणा आणि जयपूरवाल्यांना एका टांग्यात बसवून पाहावं. इथेही घराणी आहेत. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळचं लिन घराणं. आयव्हर टिफेनब्रन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोन्डेक एलपी१२ काढला. तोवर सगळे म्हणायचे की टर्नटेबलाचं काम नुसतं फिरायचं, खरी करामत स्पीकरची. टिफेनब्रन यांनी हे उलटं केलं: उगमालाच जे हरवलं ते पुढे कुठून आणणार? त्यांच्या यंत्रात थाळी आणि आर्म तीन स्प्रिंगांवर तरंगतात, आणि बोटाने दाबून सोडल्यावर ते सरळ वरखाली झुलले पाहिजेत, तिरके नाही. हे झुलणं जुळवणं ही स्वतंत्र विद्या आहे. गावातला जुना जाणकार गेला की मालक आपला एलपी१२ मांडीवर घेऊन दुसऱ्या गावी जातात. मुलगी दाखवायला निघालेल्या बापाची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर असते.

लिनवाल्यांचा आणखी एक दंडक होता. ऐकवायच्या खोलीत वाजत नसलेला दुसरा स्पीकर ठेवायचा नाही, कारण गाणं सुरू झालं की त्याचा पडदाही आपला थरथरत राहतो. कोथरूडच्या कानसेनांना हे फार पटलं. त्यांनी सर्वांचे मोबाइल देवळातल्यासारखे परडीत गोळा करून बाथरूममध्ये नेऊन ठेवले.

स्प्रिंगवाल्यांना नाकं मुरडणारे रेगावाले तिकडे इंग्लंडच्या साउथएण्डला. रॉय गँडी यांचं म्हणणं, यंत्र हलकं आणि ताठ असावं. वजन वाढवाल तितकी थरथर साठवाल. त्याच्या बरोबर उलट जपानचा टेकडास. त्यांच्या 'एअर फोर्स झिरो'चं वजन ३५० किलोच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ दोन बुलेट मोटारसायकली. थाळी हवेच्या गादीवर तरंगते, आणि रेकॉर्ड हलू नये म्हणून खालून हवा शोषून तिला थाळीला चिकटवलं जातं. वरून हवा काढायची, खालून हवा भरायची, आणि मध्ये एक साडेचार लाख डॉलरांचा आकडा.

शिवाय टेक्निक्स. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७०मध्ये पट्टा वगैरे भानगडी काढून थाळी थेट मोटरवरच बसवली, आणि १९७२मध्ये एसएल-१२०० बाजारात आणला. यंत्र इतकं धडधाकट निघालं की क्लबांतल्या डीजेंनी ते हाताने मागेपुढे फिरवून चक्क वाद्य म्हणून वापरायला घेतलं. त्या दिवसापासून शुद्ध घराण्यांत त्याचं नाव, ख्यालगायकाने लावणीचं घ्यावं तसं, दार लावून घेतलं जातं. २०१०मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तेव्हा याच मंडळींनी हळहळ व्यक्त केली. २०१६मध्ये ते परत आलं, तेव्हा महाग झालं म्हणून नावं ठेवली.

कानसेनांचं स्वतःचं यंत्र कुठल्या घराण्याचं, हे इथे सांगता येत नाही. सांगितलं की निम्मे वाचक पुढचं वाचणार नाहीत.

आर्म मात्र एसएमईचा, आणि तो दाखवताना त्यांची छाती दोन इंच फुगते. इंग्लंडमध्ये ससेक्सच्या स्टेनिंग गावात ॲलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांची छोटी यांत्रिक नमुने बनवणारी कंपनी होती, १९४६ पासूनची; एसएमई हे नाव त्या नमुन्यांवरूनच पडलं. या गृहस्थांना घरी रेकॉर्ड ऐकायला मनासारखा आर्म मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक बनवला. मित्रांनी मागितला. १९५९मध्ये तो विकायला निघाला आणि पुढची साठ वर्षं जगभरच्या कानसेनांनी त्यासाठी भविष्य निर्वाह निधी मोडले. २०१६मध्ये ही कंपनी घेतली पुण्याच्या केडन्स समूहाने! मागोमाग गॅरार्ड हे नावही घेतलं. पन्नाशीच्या दशकातल्या ज्या गॅरार्ड ३०१ला लोक अजून कोठारांतून शोधून काढतात, तेच गॅरार्ड.

"म्हणजे आता ते आपलंच," कानसेन म्हणाले.

"मग डिस्काउंट मिळालं असेल?" मॅनेजरसाहेबांनी रास्त शंका काढली.

डिस्काउंट राहिलं बाजूला. २०१९च्या अखेरीला एसएमईने जाहीर केलं की आर्म यापुढे सुटे विकणार नाही, हवा असेल तर अख्ख्या टर्नटेबलासकट घ्या. पुण्यातल्या दुकानदारीशी परिचय असलेल्यांना यात काही नवल वाटलं नाही. कानसेनांनी मग सेकंडहँड आर्म परदेशातून मागवला. तो पुणेकर मालकाच्या कंपनीचा जिन्नस इंग्लंडमार्गे कोथरूडला पोचला.

कार्ट्रिजची कथा याहून करुण आहे. महागड्या जातीच्या कार्ट्रिजात सुईची दांडी बोरॉनची असते, काहींत चक्क हिऱ्याची. कोएत्सूसारखे जपानी कारागीर तर वरचं घरटंही जेड किंवा ऑनिक्सच्या दगडाचं करत. सुई मोडली तर नवी खोचता येत नाही. अख्खं कार्ट्रिज कारखान्यात परत पाठवावं लागतं. गेल्या दसऱ्याला आईंनी स्कूटर, मिक्सर आणि विळीची पूजा केली आणि घरातलं सर्वांत महाग यंत्र वगळणं त्यांना प्रशस्त वाटेना. थाळीला हळदकुंकू वाहिलं. आर्मच्या टोकावर झेंडूचं एक टपोरं फूल ठेवलं. सुई तेव्हा रेकॉर्डवर टेकलेली होती. १.८ ग्रॅमची सवय असलेल्या दांडीने झेंडूपुढे मान टाकली. पूजेचं फूल असल्याने कानसेनांना ओरडताही आलं नाही. त्यांनी प्रसाद घेतला आणि जपानला पार्सल कसं पाठवायचं याची चौकशी केली.

पाच वाजता वेग तपासायचा होता. मिनिटाला ३३⅓ फेरे होतात का, हे बघायला १८० रेघा असलेली एक चकती मिळते. ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पण घरात आता सगळे एलईडी. ते त्या तालात लुकलुकायला तयार नाहीत. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटसाठी शोधाशोध झाली. ती शेवटी सोसायटीच्या पंपाच्या खोलीत सापडली. सेक्रेटरी शिडी धरून उभे राहिले.

या सेक्रेटरींचा आणि कानसेनांचा जुना वाद आहे. २०१६मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने जपानी शौकिनांवर एक मोठा लेख छापला होता. शेजाऱ्यांच्या यंत्रांमुळे वीज मळते आणि गाण्यात तो मळ ऐकू येतो, म्हणून ही मंडळी अंगणात स्वतःचा स्वतंत्र विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभा करून घेतात. खर्च सुमारे दहा हजार डॉलर. कानसेनांनी ते कात्रण सोसायटीच्या सभेत वाचून दाखवलं होतं.

"खांब कुठे रोवणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझ्या पार्किंगमध्ये."

"आणि गाडी?"

"विकली ना. नाहीतर आर्म कुठून आला असता?"

ठराव नामंजूर झाला. तेव्हापासून कानसेनांनी घरातल्या घरात उपाय शोधला. मैफल असेल त्या दिवशी विजेत केर टाकणारं एकेक यंत्र ते दुपारी बारा वाजताच गुपचूप बंद करून ठेवतात.

मात्र श्रद्धेची एक हद्द असते आणि ती आपण ओळखतो, असं ते आवर्जून सांगतात. इंग्लंडात लीड्सला पीटर बेल्ट नावाचे एक गृहस्थ होते. आवाज सुधारावा म्हणून ते चकचकीत इंद्रधनुषी कागदाच्या चिकटपट्ट्या विकत आणि घरातल्यांचे फोटो फ्रीजरमध्ये ठेवायला सांगत. कानसेन हे सांगताना इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "लोक काहीही करतात हो!"

तसं बघता लोक फार पूर्वीपासून काहीही करतात. १९२०च्या दशकात लंडनच्या ग्रामोफोनवाल्यांत पोलादी सुई की बांबूची सुई यावर हाणामारीची वेळ येत असे. बांबूवाले प्रत्येक रेकॉर्डआधी छोट्या कातरीने टोक छाटून घेत. काहीजण निवडुंगाचा काटा लावत. आपल्याकडे कुंपणाला दोन्ही उगवतात, पण त्यांचं असं भाग्य कुणाला सुचलं नाही.

साडेपाचला मॅनेजरसाहेबांनी न राहवून विषय काढला. "ते अमेरिकेत मधे काय झालं हो? मोबाइल फिडेलिटी का कोणीतरी?"

खोलीतलं तापमान आणखी वाढलं. मोबाइल फिडेलिटी म्हणजे कानसेनांचं पंढरपूर. जुन्या मूळ टेपांवरून थेट, अधेमधे संगणकाचा विटाळ न होऊ देता रेकॉर्डी काढणारी कंपनी, अशी तिची ख्याती. काही रेकॉर्डींना १२५ डॉलर पडत. कानसेन त्या ऐकत आणि म्हणत, डिजिटल असतं तर पहिल्या सेकंदाला कळलं असतं. जुलै २०२२मध्ये ॲरिझोनातल्या एका रेकॉर्डविक्रेत्याने शंका काढली, आणि मग कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याच्यासमोर कॅमेऱ्यात कबूल केलं की २०११ पासून अनेक रेकॉर्डींत मूळ टेपचं आधी डिजिटल रूपांतर होत होतं. थोडक्यात, अकरा वर्षं देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा येत होता आणि पहिल्या फोडीला ओळखणारे मिटक्या मारत होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

"पण आंबा गोड होता की," पुतणी म्हणाली.

"प्रश्न गोडीचा नाही!" कानसेन उसळले. "प्रश्न तत्त्वाचा आहे." मग आवाज उतरवून, "मला तरी पहिल्यापासून थोडी शंका होतीच."

पुतणीवर त्यांचा तसाही राग आहे. तिने टेलर स्विफ्टची निळी रेकॉर्ड विकत घेतली आहे आणि ती भिंतीला लावली आहे. तिच्याकडे प्लेअर नाही. ती एकटी नव्हे. २०२२मध्ये अमेरिकेत १९८७नंतर प्रथमच सीडींपेक्षा एलपी जास्त खपल्या, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख; आणि ल्युमिनेट या संस्थेच्या पाहणीत रेकॉर्डी विकत घेणाऱ्यांतल्या निम्म्याच लोकांकडे प्लेअर असल्याचं दिसलं. ती रेकॉर्ड नुसती लटकवून ठेवते याचं कानसेनांना दुःख होतं. आठवड्यात तिने ऐकलेलं गाणं मात्र तासांत मोजलं, तर काकांना वर्ष पुरणार नाही.

पावणेसातला बुडबुडा मध्यावर होता, काटा १.८० दाखवत होता, रेघा थिजलेल्या होत्या. बाहेर दिवे लागले. मास्तरांनी हातातल्या घड्याळाकडे बघून समाधानाने मान डोलावली. समयाला धरून होतं सगळं. घामाने ओथंबलेले तीन श्रोते श्वास रोखून बसले. कानसेनांनी दोन बोटांनी आर्म उचलला, खाली सोडला. एक बारीकशी खरखर, मग तंबोरे.

किशोरीताईंनी पहिला षड्ज लावला आणि खोलीतलं उकडणं थांबल्यासारखं झालं. मास्तरांचे डोळे मिटले. मॅनेजरसाहेबांच्या हातातला रुमाल अर्ध्यावर राहिला. पुतणीने गुडघे छातीशी घेतले.

"ऐकलंत?" कानसेन कुजबुजले. "डावीकडच्या तंबोऱ्याची जवारी कशी वेगळी निघते बघा."

"हं."

"आणि श्वास? आधीच्या आर्मवर हा श्वास नव्हता."

"गप्प बसा हो जरा!" मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

कानसेन गप्प बसले. पंधरावीस सेकंद खरोखरच गप्प. हात मांडीवर, नजर आर्मवरून सुटून खिडकीबाहेर कुठेतरी गेलेली. १२१ मिलिमीटरचा योग आला आणि गेला, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वाटीचमच्यांचा खणखणाट झाला, सुईने तो इमानेइतबारे वाजवला, आणि पाठोपाठ आईंचा आवाज आला.

"अरे, फ्रीज कुणी बंद केलाय? आम्रखंडाला आंबूस वास यायला लागला."

दिवाणखान्यात कुणी हललं नाही. भूप चालू होता.

"आणि हा माझा फोटो इथे बर्फाच्या पाण्यात कशाला बुडवून ठेवलायस रे?"